रद्द नोंदींतले डास

सकाळचे सहा वाजले होते आणि शशिकला गेडाम जैनी पुंगाटीच्या घरात भिंतीला जवळजवळ नाक लावून उभी होती. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात काचेची शोषणनळी, आणि नळीला जोडलेल्या रबराचं टोक दातांत. भिंतीवर शेपूट वर करून बसलेला डास दिसला की नळी त्याच्यावर धरायची आणि हलकेच श्वास आत ओढायचा. मध्ये जाळी असते, म्हणून डास नळीतच अडकतो, तोंडात जात नाही. बारा वर्षं ती हेच करत होती. सरकारी कागदावर तिच्या पदाचं नाव ‘कीटक समाहारक’ असं होतं. मरकेली गावची माणसं तिला डासवाली म्हणत, आणि ते नाव निदान सगळ्यांना कळत तरी होतं.

“पंचवीस झाले,” ती म्हणाली.

“इतक्या लवकर?” जैनीने चुलीजवळून विचारलं. जैनी गावची आशा कार्यकर्ती. ताप आला की रक्ताचा थेंब काचेवर घेणं, गोळ्या देणं, गरोदर बायांना तालुक्याला पोचवणं, सगळं तिच्याकडे. “औषध मारून दीड महिना झाला जी. भिंतीवर पांढरे डाग अजून दिसते. त्याच डागावर बसून हायेत हे, जसं पाहुणे येऊन बसले. मरत काऊन नाई?”

 शशिकलाने डास मोजपेटीत सोडले आणि झाकण लावलं.

मोजपेटी म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी करड्या रंगाची पेटी. तिच्या आतल्या कागदाला फवारणीचंच औषध लावलेलं असतं. डास त्यावर बसतात आणि हळूहळू खाली पडतात, आणि एक बारीक कॅमेरा तासभर त्यांच्या पायांची अन् पंखांची हालचाल बघत राहतो. पूर्वी औषध लागलेले डास दुसऱ्या भांड्यात काढून, साखरपाण्याचा बोळा देऊन, पूर्ण चोवीस तास सांभाळावे लागत. मग किती मेले ते मोजायचं. पेटीला एवढं थांबावं लागत नाही. लाखो डासांची चित्रं पाहून ती शिकली आहे. डास कसा पडला, पाय कसे आखडले, यावरून तो उद्यापर्यंत मरणार की नाही हे ती तासाभरात सांगते. मग आतली तार तापते, डास भाजून निघतात, आणि आकडा उपग्रहावरून थेट प्रतिकार-नकाशावर जातो.

भाजण्याची ही कल्पना कुणा शास्त्रज्ञाची नव्हती, ती करारातली होती. डास सरहद्द मानत नाहीत, तेव्हा औषधाला न जुमानणाऱ्या डासांची माहिती सगळ्या देशांनी एकाच नकाशावर मांडावी, असं ठरायला तीन वर्षं लागली. त्यातलं एक वर्ष नुसतं या वादात गेलं की एखाद्याच्या पेटीतून चिवट डास निसटला तर जबाबदार कोण. शेवटी तोडगा निघाला: पेटीतून जिवंत काहीच बाहेर येता कामा नये. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सह्या केल्या.

तासाभराने पेटीवर हिरवा दिवा लागला. पंचवीसपैकी पंचवीस मृत. नकाशावर मरकेली हिरवी, म्हणजे औषध चालतंय.

“तुमची पेटी खोटी बोलते जी, ताई,” जैनी म्हणाली.

“पेटीला खोटं बोलून काय मिळणार?” शशिकला म्हणाली खरी, पण तिचं तिलाच ते पटलं नाही. जून महिन्यापासून मरकेलीत हिवतापाचे एकोणीस रुग्ण सापडले होते, त्यातली तेरा लहान मुलं. जैनीच्या भावाची चार वर्षांची मुलगी झटके येऊन तालुक्याला गेली होती. ती वाचली, पण अजून तिला भिंत धरून चालावं लागत होतं.

तिने डोंगरीवर जाऊन, जिथे फोनला रेंज येते तिथून, डॉक्टर बोम्मावारांना फोन लावला. बोम्मावार तिचे जिल्ह्याचे साहेब. माणूस वाईट नव्हता, पण फाइलींनी पार दमलेला होता.

“गेडाम, नकाशा हिरवा आहे ना?”

“आहे, सर. पण डास भिंतीवर आहेत.”

“मग भिंती सारवल्या असतील. फवारणी झाली की बाया लगेच शेणमातीचा हात फिरवतात, औषध त्याच्याखाली जातं. हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे का?”

“कुणी सारवलेलं नाही, सर. जैनीने घरोघरी फिरून सांगितलं होतं. मी स्वतः बघितलंय.”

“नकाशावर मातीचा रकाना नाही, गेडाम. आकडा आहे. आणि आकडा शंभर टक्के आहे.”

मरकेलीत फवारणी करून घेणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. घरातलं धान्य, मडकी, टोपल्या, जाळी, सगळं अंगणात काढायचं. देवाच्या खोलीत परक्या माणसाला येऊ द्यायचं की नाही यावर गावात दोन दिवस बैठक चालली होती. जैनीने तिथे उभं राहून सांगितलं होतं की हे औषध मारलं तर पोरं तापणार नाहीत, माझी जबान. गावाने तिचं ऐकलं. आता विहिरीवर बाया तिला विचारत होत्या, तुझी जबान कुठं गेली? सप्टेंबरात फवारणीची दुसरी फेरी होती. त्याच सहा नंबरच्या औषधाचे ड्रम पुन्हा आले तर कुणी दार उघडणार नव्हतं, आणि उघडलं तरी उपयोग होणार नव्हता. नऊ नंबरचं औषध निराळ्या जातीचं, पण ते जगात एकाच ठिकाणी बनतं आणि मुद्दाम राखून ठेवलेलं असतं, नाहीतर डास त्यालाही सरावतील. नकाशावर जो भाग लाल होईल त्यालाच ते मिळतं. वाटप एकतीस ऑगस्टला ठरणार होतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तार तुटली.

पेटी मोटारसायकलच्या मागे बांधून आणताना नाल्यात दणका बसला असावा. शशिकलाने नेहमीप्रमाणे डास सोडले. तासाभराने आकडा आला, पंचवीसपैकी पंचवीस मृत. पण मागोमाग पिवळा दिवा लागला आणि पडद्यावर अक्षरं आली, ‘भाजणी बंद’. तिने कपाळावर हात मारला, पेटी जैनीच्या पडवीत ठेवली आणि दोघी तापाचे रुग्ण बघायला पलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीत गेल्या.

दुपारी परत आल्यावर तिने साफ करायला म्हणून झाकण उघडलं, आणि एक डास तिच्या गालाला लागून उडाला. मग दुसरा. तिने झटकन झाकण लावलं आणि काचेतून आत पाहिलं. तळाला सहा डास पडलेले होते. बाकीचे पेटीच्या बाजूंना शेपूट वर करून निवांत बसले होते.

“मेलेले उठले जी!” जैनी ओरडली.

शशिकलाने पेटी उचलून डोळ्यांजवळ धरली. तिला सगळं एकदम कळलं. हे डास औषधाने पडत होते, बेशुद्ध होत होते, पाय आखडून अगदी मेल्यासारखे. पेटी ज्या डासांकडून शिकली होती ते असे पडल्यावर मरत असत. हे मरत नव्हते. चार-पाच तासांनी औषध पचवून उठत होते. आणि हे कुणालाच दिसलं नव्हतं, कारण उठायच्या आत पेटी त्यांना भाजून टाकत होती. पेटी आल्यापासूनची दोन वर्षं शशिकला स्वतःच्या हाताने पुरावा आत घालत होती आणि शंभर टक्के म्हणून आकडा वर पाठवत होती. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

तिने त्याच संध्याकाळी नोंद पाठवली, पंचवीसपैकी एकोणीस जिवंत. मिनिटाभरात उत्तर आलं: ‘भाजणी बंद असताना घेतलेली नोंद ग्राह्य नाही. पेटी सदोष. नोंद रद्द.’

दुसऱ्या दिवशी तिने बोम्मावारांना सगळं सांगितलं.

“पेटी दुरुस्तीला पाठवा,” ते म्हणाले. “मग पुन्हा चाचणी घ्या.”

“सर, तार दुरुस्त झाली की डास भाजले जाणार. भाजले की उठताना दिसणार नाहीत. आणि तार बंद ठेवली तर नोंद रद्द. मग हे सिद्ध करायचं कसं?”

 “नियम इथे बनलेले नाहीत, गेडाम,” ते म्हणाले. “मी काय करू, सांगा?”

ते काहीच करू शकत नव्हते हे तिला माहीत होतं, आणि त्यामुळेच तिचा जळफळाट झाला. समोर कुणी दुष्ट माणूस असता तर भांडता तरी आलं असतं. इथे सगळे सज्जन, सगळे आपापला रकाना भरणारे, आणि पोरं तापाने फणफणत होती.

रद्द झालेल्या नोंदींची यादी सगळ्या देशांना खुली होती. कराराच्या पारदर्शकतेच्या कलमात तसं लिहिलं होतं, म्हणून ती होती. ती कुणी उघडून पाहत असेल असं मात्र वाटत नव्हतं. शशिकलाने उघडली. कारणाच्या रकान्यात ‘भाजणी बंद’ निवडलं, आणि नऊ देशांतल्या एक्केचाळीस नोंदी समोर आल्या. बहुतेकांच्या शेऱ्याच्या रकान्यात काही नव्हतं किंवा ‘नवीन तार पाठवा’ एवढंच होतं. पण सात-आठ जणांनी लिहिलं होतं. आग्नेय आशियातल्या एका बाईने लिहिलं होतं की डास उडाले, माझी चूक नाही. आणि आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या शिरे नदीकाठच्या एका केंद्रावरून लायसन म्वाले नावाच्या माणसाचा शेरा होता. भाषांतर करणाऱ्या यंत्राने त्याला जुन्या शाळामास्तरांची मराठी दिली होती: ‘अर्ध्याहून अधिक मृत डास उठून उड्डाण करते झाले. मी मद्यपान केलेले नव्हते, हे नम्रपणे नमूद करतो.’

शशिकला किती दिवसांनी हसली असेल.

दुसऱ्या केंद्राला निरोप धाडायची सोय नकाशात नव्हती. तसं बोलणं देशांच्या प्रतिनिधींनी प्रतिनिधींशी करायचं असतं. पण रद्द नोंदीत आधीच्या रद्द नोंदीचा क्रमांक टाकून शेरा लिहिता येत होता. म्हणजे लायसनशी बोलायचं तर प्रत्येक वेळी एक सदोष चाचणी करायला हवी. तिने तारेची दुरुस्ती पुढे ढकलली. रोज सकाळी पंचवीस डास पकडायचे, पेटीत घालायचे, नोंद रद्द करून घ्यायची आणि शेरा लिहायचा. डासांच्या जिवावर चाललेला हा पत्रव्यवहार तीन आठवड्यांत सवय होऊन सुटेनासा झाला असता, पण वेळ तेवढा नव्हताच.

‘तुम्ही चोवीस तास थांबलात का?’ तिने विचारलं.

‘थांबलो, भगिनी. पंचवीसपैकी सतरा जीवित. परंतु तुम्ही साध्या कागदावरही पंचवीस ठेवले होते काय? न ठेवल्यास कोणीही म्हणेल की तुमचे डास मुळातच बलवान.’

बरोबर होतं. तिने दुसऱ्या दिवशी औषध नसलेल्या कागदावरही पंचवीस ठेवले. लायसनने मग पुढची गोष्ट मांडली. एकेक पेटी सदोष म्हणून फेकली जाते. नऊ देशांतल्या पेट्या एकाच दिवशी सदोष झाल्या, आणि सगळ्यांनी चोवीस तासांचे आकडे एकाच पद्धतीने शेऱ्यात लिहिले, तर कुणाला तरी वाचावंच लागेल. पंचवीस ऑगस्ट. त्याने आणि शशिकलाने आपापल्या रद्द नोंदीत एक्केचाळीसही क्रमांक टाकून तसा शेरा लिहिला.

पण पेटीशी मुद्दाम छेडछाड केल्याचं उघड झालं, तर त्या देशाच्या सगळ्या नोंदी एक हंगाम गोठवल्या जाणार होत्या. म्हणजे एका मरकेलीसाठी साऱ्या देशाचं औषध अडकलं असतं. शशिकलाने हे मनात ठेवलं नाही, बोम्मावारांना फोन केला. “सर, मेकॅनिक आज नवी तार बसवून गेला. पंचवीस तारखेला मी ती काढणार आहे.”

“हे तुम्ही मला सांगितलेलंच नाही,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पंचवीसला सकाळी तिने पान्याने तार सोडवली. जैनीने साखरपाण्याचे बोळे केले, बाज ओढून पेटीशेजारीच बसली आणि कोंबड्या हाकलत राहिली. सव्वीसला दोघींनी मिळून दोनदा मोजलं. औषधाच्या कागदावरचे अठरा जिवंत. साध्या कागदावरचे सगळे जिवंत. शेरा लिहिला, नोंद पाठवली, नोंद रद्द झाली. मग तिने यादी उघडली. त्या दिवशीच्या एकूण त्रेसष्ट नोंदी होत्या. नऊही देश होते. आणि तिच्याच जिल्ह्यातल्या बाकीच्या चारही पेट्यांची भाजणी बंद पडलेली होती. बोम्मावारांनी कुणाकुणाला काय ‘सांगितलेलं नाही’ कोण जाणे.

सत्तावीसला नकाशा चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंचाचं उत्तर आलं. शशिकला डोंगरीवर उभी राहून ते जैनीला मोठ्याने वाचून दाखवायला लागली आणि मध्येच थांबली.

“काय म्हणते?”

“म्हणतात, एका खेपेतल्या तारा सदोष निघाल्या, त्याबद्दल दिलगीर आहोत. त्रेसष्ट नव्या पेट्या पाठवतोय. त्यांची तार माणसाला काढता येणार नाही.”

“आणि डास?”

“डासांचं काही नाही.”

जैनीने हातातली काठी जमिनीवर आपटली. “वाचता येत नाई का त्यायले? इतकं लिवलं आपण!”

वाचलं होतं ते मंचाच्या यंत्राने. यंत्राला तारेबद्दल शिकवलं होतं, शेऱ्याबद्दल नाही. शशिकलाला तिथेच बसून रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी संताप आला. तिने लायसनला लिहायला घेतलं, तर त्याचाच शेरा आधी येऊन पडला होता: ‘निराश होऊ नये. आमच्या प्रतिनिधीची बहीण माझ्या गावात दिलेली आहे. ती आज त्याच्या घरी जाऊन बसली आहे, आणि तो आपले शेरे वाचेपर्यंत उठणार नाही असे म्हणते.’

तीन वर्षांच्या वाटाघाटींना जे जमलं नाही ते त्या बहिणीने दोन दिवसांत केलं असावं. तीसला सकाळी नकाशा बदलला. मरकेली लाल झाली. शिरे नदीचा काठ लाल झाला. पहिल्या तपासणीत नऊ देशांत नऊ लाल ठिपके उमटले, आणि जैनीने आयुष्यात पहिल्यांदा लाल ठिपका बघून टाळ्या पिटल्या. “नऊ नंबर येते ना आता?”

“येतं,” शशिकला म्हणाली. “थांब, पत्र पुढे आहे.”

पत्र या वेळी माणसाने लिहिलेलं होतं, हे लगेच कळत होतं, कारण त्यात माफी मागितलेली होती. दोन वर्षांचे हिरवे आकडे पुन्हा तपासले जातील असं त्यात होतं. पेटीला नव्याने शिकवलं जाईल असं होतं. त्याखाली लिहिलं होतं की नऊ नंबरच्या औषधाचा राखीव साठा या हंगामात नऊपैकी तीनच केंद्रांना पुरेल. देशांच्या प्रतिनिधींत एकमत व्हायला वेळ लागेल, आणि फवारणी तोवर थांबू शकत नाही. म्हणून ज्या केंद्रांनी हा शोध एकमेकांच्या सहकार्याने लावला, त्यांनीच, जिथे पाच वर्षांखालील मुलं जास्त तिथे आधी या हिशोबाने, आपसात क्रम ठरवावा. सोमवारपर्यंत, म्हणजे एकतीस तारखेपर्यंत, क्रम न आल्यास साठा राखीवच राहील.

शशिकलाने ते दोनदा वाचलं. मग जैनीला समजेल असं सांगितलं. 

नोंद आता ग्राह्य झाली होती, त्यामुळे डास न पकडताच शेरा लिहिता येत होता. लायसनचा आलाही.

‘भगिनी, तुमच्या गावात पाच वर्षांखालील मुले किती? माझी संख्या मी लिहून ठेवली आहे, पण पाठवलेली नाही. आधी तुमची वाचू इच्छितो. जी असेल ती खरी लिहावी. मीही खरी लिहीन.’

जैनीने पिशवीतून आपलं रजिस्टर काढलं. लसीकरणाचं पान उघडून बोट फिरवत ती नावं मोजायला लागली, भावाच्या मुलीपाशी क्षणभर थांबली, पुन्हा मोजलं.

“सदतीस,” ती म्हणाली.

शशिकलाने आकडा लिहिला. पाठवायच्या बटणावर तिचं बोट तसंच राहिलं. बारा वर्षं ती आकडे पाठवत आली होती आणि त्यांतला एकही तिला इतका जड झाला नव्हता. सातासमुद्रापलीकडे तो माणूसही असाच आपला आकडा हातात धरून बसला असेल, हे तिला दिसत होतं, आणि त्याचा आकडा आपल्यापेक्षा लहान असावा असं मनात येत होतं, याची तिला लाज वाटत होती.

जैनीने रजिस्टर मिटलं नव्हतं.

“ताई,” तिने विचारलं, “सदतीस कमी पडन का जी?”